घर, गोठा आणि बोअर: कमी पैशांत स्वतः बसवायचे कॅमेरे

कॅमेरे बसवायचे म्हटलं की बहुतेक जण आधी दुकान गाठतात आणि 'चार कॅमेऱ्यांचा सेट केवढ्याला?' असं विचारतात. सेट मिळतो, एका दुपारीत चार कोपऱ्यांत बसतो. पुढं कधीतरी परड्यातून पाण्याची मोटार चोरीला जाते तेव्हा स्क्रीनवर एक काळी सावली इकडून तिकडं जाताना दिसते. माणूस आला होता एवढं कळतं, कोण आला होता ते कळत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन आहे आणि राहतो बेळगुंदीच्या बाजूला. गावात, पाहुण्यांकडं कॅमेऱ्याचं काम निघालं की मला बोलावतात. या कामात माझं एक मत पक्कं झालं आहे: कॅमेरा ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू. आधी जागा ठरवा, मग वायर, मग वीज, मग डिस्क. पैसे वाचवायचे असतील तर कॅमेऱ्यांची संख्या कमी करून वाचवा. वायरीत वाचवलेला पैसा पहिल्याच पावसाळ्यात दुप्पट खर्च करून घेतो.

आधी रात्रीची एक फेरी

रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन घराभोवती फिरा. आमच्याकडच्या घरांची ठेवण साधारण सारखीच: रस्त्याकडं सोपा, आत माजघर, मागं परडं, परड्याला लागून गोठा, पलीकडं भाऊबंदांची हद्द. बाहेरचा माणूस हजार ठिकाणांहून येऊ शकतो असं वाटतं, पण त्याला पाऊल टाकावंच लागेल अशा जागा दोन-तीनच निघतात. फाटक, परड्याचं दार, गोठ्याकडं जाणारी बोळकांडी. कॅमेरे तिथं. घराच्या चार कोपऱ्यांना चार कॅमेरे म्हणजे भिंतींचे चांगले फोटो, दुसरं काही नाही.

प्रत्येक जागेसाठी एकच प्रश्न ठरवा. इथं मला चेहरा ओळखायचा आहे, की फक्त कोणीतरी आलं एवढं कळलं तरी पुरे? चेहरा ओळखायचा असेल तर चित्रात मीटरभर रुंदीला २५० पिक्सेल मिळायला हवेत, हे या क्षेत्रातलं मानक माप आहे. ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र २५६० पिक्सेल रुंद असतं, म्हणजे दहा मीटर रुंदीपर्यंतचं दृश्य चालतं. आता लेन्स बघा. २.८ एमएमची लेन्स इतकं रुंद बघते की साडेचार मीटरच्या पुढं गेलेला चेहरा ओळखता येत नाही. ४ एमएम सहा मीटरपर्यंत साथ देते, ६ एमएम दहा मीटरपर्यंत. दुकानात न विचारता हातात पडते ती बहुधा २.८, कारण पडद्यावर तिच्यात सगळं अंगण एकदम दिसतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. फाटकासाठी ४ किंवा ६ मागून घ्या, नसेल तर मागवायला सांगा.

जागा तपासायला कॅमेरा लागत नाही. शिडीवर चढून, जिथं कॅमेरा येणार तिथं मोबाइल धरा आणि साधा, झूम न केलेला फोटो काढा. फोनच्या मुख्य लेन्सचा कोन साधारण ४ आणि ६ एमएमच्या मधला असतो. फाटकात कोणाला तरी उभं करा. फोटोत तो माणूस बोटभर दिसत असेल तर कॅमेऱ्यातही तेवढाच दिसणार.

उंचीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथं पाऊस आडवा येतो. कॅमेरा काढून नेतील म्हणून लोक तो तुळीपाशी, बारा-चौदा फुटांवर नेऊन ठेवतात. जून ते सप्टेंबर आमच्याकडं माणूस बाहेर पडतो तो डोक्यावर प्लास्टिकची खोळ नाहीतर रेनकोटची टोपी ओढूनच. कोणाला त्याचा संशयही येत नाही, कारण सगळेच तसे फिरतात. चौदा फुटांवरून अशा माणसाची फक्त खोळ दिसते. म्हणून चेहऱ्याचा कॅमेरा आठ फुटांच्या वर नेऊ नका. आणि तो कोणी फिरवला, झाकला तर तेही टिपायला दुसरा कॅमेरा त्याच्याकडं बघणारा असावा. दोन कॅमेरे एकमेकांना बघत असले की काम भागतं.

पूर्वेला तोंड असलेल्या दारात सकाळी उन्हामुळं माणूस काळा दिसतो. तिथं खोक्यावर १२० डीबी डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही सांभाळून चित्र काढायची सोय) लिहिलेला कॅमेरा घ्या. नुसतं 'डिजिटल डब्ल्यूडीआर' लिहिलेला नको.

वायफाय, ३+१ की पीओई?

वायफायचा कॅमेरा दीड-दोन हजारांत येतो आणि भाड्याच्या खोलीला, फ्लॅटला ठीक आहे. आमच्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती दीड-दोन फूट जाड. माजघरातला राउटर परड्यातल्या कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही, पोचला तरी चित्र अडखळतं. आणि वायफायचा असला तरी विजेची वायर त्याला न्यावीच लागते. मग तीच एक वायर चांगली न्या ना.

जुनी पद्धत म्हणजे डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), ३+१ केबल (चित्राची एक वायर आणि वीज-आवाजासाठी तीन बारीक तारा एकत्र), टोकाला चित्राची बीएनसी आणि विजेची डीसी पिन, मधे १२ व्होल्ट देणारा एसएमपीएस. घरात आधीची ३+१ धड असेल तर तीच वापरा. त्या वायरीवर आता ५ मेगापिक्सेलचेही कॅमेरे चालतात, सगळं उपटून टाकायची गरज नाही.

नवीन काम असेल तर मी पीओई सांगतो. एकच नेटवर्क केबल, तिच्यातूनच वीज आणि चित्र दोन्ही. सगळ्या केबल जिथं येऊन जुळतात आणि जिथून वीज सुटते तो डबा म्हणजे स्विच. तो घेताना ८०२.३ एएफ असं लिहिलेलं आहे ना ते बघा. असा स्विच पलीकडच्या यंत्राला वीज हवी आहे का ते आधी तपासतो, मगच सोडतो. काही स्वस्त स्विच न विचारता सरळ व्होल्टेज ढकलतात, चुकून लॅपटॉप जोडला तर पोर्ट जळायचा.

वायर: इथं हात आखडू नका

एका किराणा दुकानाचा परसातला कॅमेरा दिवसा छान चालायचा आणि रात्री बंद पडायचा. कॅमेरा बदलून झाला, डीव्हीआर बदलून झाला. दोष वायरीत होता. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि करंट वाढतो. लांब, बारीक पाइपातून जास्त पाणी ओढलं की टोकाला धार बारीक होते, तसंच इथं होतं. हिशेब बघा: अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध १०० मीटरला साधारण साडेतीन ओहम. कॅमेरा ४० मीटरवर असेल तर जाऊन येऊन ८० मीटर, म्हणजे पावणेतीन ओहम. रात्री अर्धा अँपिअर ओढला की जवळजवळ १.४ व्होल्ट वाटेतच गेले. हे झालं चांगल्या तांब्याचं. वायर निम्म्या जाडीची आणि अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असेल तर कॅमेऱ्यापाशी ९ व्होल्टसुद्धा उरत नाहीत. तुमचा कॅमेरा रात्रीच बंद पडत असेल तर आधी मल्टिमीटर घेऊन कॅमेऱ्याच्या टोकाला, दिवे लागलेले असताना व्होल्टेज मोजा. दिवसा मोजून उपयोग नाही.

पीओईत ही अडचण फारशी येत नाही, कारण वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते आणि त्याच कामाला चौथा हिस्सा करंट पुरतो. केबल १०० मीटरपर्यंत नेता येते. पण तीही तांब्याचीच हवी. मुलाम्याच्या वायरीला सीसीए म्हणतात, तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो आणि ती जोडाशी गंजते, तुटते. ओळखायला सोपी: एक तार काढून ब्लेडनं खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर सीसीए. तांबं आतपर्यंत तांबडंच असतं. ३०५ मीटरचा बॉक्स उचलून बघितला तरी कळतं, सीसीएचा हलका लागतो. पूर्ण बॉक्स लागत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून एक चांगला बॉक्स घ्या, मीटरवर सुटी घेण्यापेक्षा स्वस्त पडतो.

बाहेरून जाणारी कॅट-६ (हीच ती नेटवर्क केबल) काळ्या पीई आवरणाची घ्या. घरातली निळी-राखाडी वायर दोन उन्हाळ्यांत तडकते. ती २५ एमएमच्या पाइपातून न्या, उघडी ठेवू नका. माळ्यावर उंदीर आणि परड्यात घुशी, दोघांनाही ती आवडते.

टोकाला आरजे-४५ हा नेटवर्कचा कनेक्टर लावताना रंगांचा क्रम दोन्हीकडं एकच ठेवा. कनेक्टरची प्लास्टिकची कुंडी खाली, पिना वर आणि वायर घालायचं भोक तुमच्याकडं, डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ शक्य तेवढा शेवटपर्यंत राहू द्या, अर्ध्या इंचाहून जास्त उकलू नका. वरचं जाड आवरण कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, तरच क्रिंप केल्यावर त्याला धरून राहतं. नुसत्या बारीक तारांवर लोंबणारा कनेक्टर वाऱ्यानं महिन्याभरात सैल होतो. पाचशे रुपयांचा केबल टेस्टर घ्या आणि कॅमेरा लावण्याआधी प्रत्येक वायर तपासा. शिडीवरून चार वेळा चढउतार करण्यापेक्षा ते बरं.

कॅमेऱ्यापाशी येताना वायर आधी खाली उतरवा आणि मग वर कॅमेऱ्यात घाला, म्हणजे पाणी त्या वळणावरून खाली ठिबकतं, आत जात नाही. जोड नेहमी प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये. बॉक्सला वरून आणि बाजूंनी सिलिकॉन मारा, खालची कड मोकळी सोडा. चारी बाजूंनी बंद केलं तर आत दमटपणा साठतो आणि त्याला वाट राहत नाही. आमच्या भागात, त्यातही जांबोटी-कणकुंबीकडं, आठ-आठ दिवस झड लागते, ऊन दिसत नाही. तिथं आयपी६७ चा, म्हणजे पाणी आत न शिरणारा कॅमेरासुद्धा मागच्या आरजे-४५ च्या जोडातून मरतो. कॅमेऱ्याबरोबर एक छोटी प्लास्टिकची टोपी आणि रबरी वायसर येतं, बसवणारे ते खोक्यातच टाकून देतात. ते लावा. जोडात थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं तर आणखी चांगलं.

लाईट जाते तेव्हा

चोरी करणारा लाईट जाण्याची वाट बघतो हे सगळ्यांना माहीत आहे, तरी कॅमेरे इन्व्हर्टरवर नसतात. हिशेब सोपा आहे. चार कॅमेरे प्रत्येकी ५ वॉट, स्विच ५, डिस्कसकट एनव्हीआर (पीओईच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डिंगचा डबा) १२ ते १५, मिळून ४० वॉट. घरात १५० एएचची बॅटरी असेल तर तिच्यात १८०० वॉट-तास असतात, त्यातले निम्मे वापरायचे. इन्व्हर्टरची स्वतःची गळती धरली तरी पंधरा तास आरामात निघतात. राउटरही त्याच लाइनवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर स्विच आणि एनव्हीआरपुरता छोटा यूपीएस घ्या.

विजेचं दुसरं दुखणं म्हणजे वळीव. एप्रिल-मे महिन्यात ढग गडगडायला लागले की घर ते गोठा अशी हवेतून ओढलेली तांब्याची वायर फार धोक्याची. वीज जवळपास पडली तरी त्या वायरीत दाब चढतो आणि स्विचपासून एनव्हीआरपर्यंत सगळं घेऊन जातो. गोठा लांब असेल तर दोन उपाय आहेत. एक, वायर पाइपातून जमिनीखालून न्या आणि दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (चढलेला दाब जमिनीत सोडणारा डबा) लावा. पण प्रोटेक्टर नीट अर्थिंगला जोडलेला नसेल तर तो नुसता डबा आहे. अर्थिंग आधी तपासून घ्या, जुन्या घरांत बऱ्याचदा ते नावालाच असतं. दुसरा उपाय मला जास्त पटतो: मधल्या अंतरात फायबर. फायबर आणि तांब्याची केबल यांना जोडणाऱ्या मीडिया कन्व्हर्टरची जोडी दीड हजाराच्या आसपास मिळते. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, फक्त त्या केबलला आधाराची लोखंडी तार नको, नाहीतर फायदा गेला. गोठ्यातल्या टोकाला तिथल्याच बल्बच्या लाइनवरून वीज घ्या.

शेतातल्या बोअरचं विचारणारे पुष्कळ. मोटार आणि केबल दोन्ही महाग, चोरी झाली की हंगामाच्या मधे पाणी बंद. घरापासून शेत नजरेच्या टप्प्यात असेल तर ५ गिगाहर्ट्झची वायरलेस ब्रिजची जोडी लावता येते, एक-दोन किलोमीटर सहज. मात्र ती थेट दिसण्यावर चालते. जूनमध्ये शेत मोकळं असताना खांब रोवला तर छान चालेल आणि दिवाळीला ऊस दहा-बारा फूट वाढून आडवा आला की बंद. खांबाची उंची उभ्या उसाच्या हिशेबानं धरा. शेत दिसतच नसेल तर सिम आणि सोलर पॅनलचा ४जी कॅमेरा. तो हालचाल झाली तरच रेकॉर्ड करतो, आणि पावसाळ्यात पॅनलला ऊन मिळत नाही, म्हणून मोठ्या बॅटरीचा घ्या. आधी त्या जागी उभं राहून स्वतःच्या फोनवर व्हिडिओ कॉल करून बघा. तो चालला तर कॅमेरा चालेल.

रेकॉर्डिंग कशावर

४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, एच.२६५ (चित्र दाबून लहान करायची पद्धत), सेकंदाला १५ चित्रं आणि २ मेगाबिट. असा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी जागा घेतो. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. १ टीबीत अकरा दिवस, २ टीबीत तेवीस. कामासाठी घर बंद करून पुण्या-मुंबईला जाणारे लोक पंधरा-वीस दिवसांनी परत येतात, म्हणून मी २ टीबी सांगतो. डिस्क पाळतीच्या कामासाठी बनवलेली घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. साधी डेस्कटॉपची डिस्क रात्रंदिवस लिहिण्यासाठी केलेली नसते.

सोपा मार्ग म्हणजे चार चॅनेलचा एनव्हीआर. ज्यांना कॉम्प्युटरची आवड आहे त्यांनी ऑफिसांतून निघालेला जुना डेस्कटॉप घ्यावा, इंटेलच्या सहाव्या पिढीचा किंवा पुढचा, आणि त्यावर लिनक्स टाकून फ्रिगेट हे मोफत सॉफ्टवेअर चालवावं. त्याच्या ओपनव्हिनो सोयीमुळं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच माणूस ओळखण्याचं काम होतं, वेगळं कार्ड लागत नाही. पान हललं, पाकोळी उडाली तर फोन वाजत नाही, माणूस आला तर वाजतो. त्याच्या यादीत गाय आहे, म्हैस नाही, त्यामुळं गोठ्याकडच्या कॅमेऱ्यावर फक्त माणसाचीच सूचना चालू ठेवा.

त्यासाठी कॅमेऱ्याला ओएनव्हीआयएफ आणि आरटीएसपी (कुठल्याही कंपनीच्या यंत्राला चित्र देता यावं म्हणून ठरलेल्या पद्धती) असायला हवं, हे घेण्याआधीच विचारा. फक्त स्वतःच्या अॅपवर चालणारा कॅमेरा दुसऱ्या कशालाच जोडता येत नाही. प्रत्येक कॅमेरा दोन प्रवाह देतो, मोठा आणि छोटा. ओळखण्यासाठी छोटा द्या, ६४० बाय ३६० आणि सेकंदाला ५ चित्रं पुरेत. साठवण्यासाठी मोठा. दोन्हीला मोठा दिला की जुना प्रोसेसर धापा टाकतो. फ्रिगेटमध्ये पत्ता घालण्याआधी तोच पत्ता व्हीएलसी प्लेयरमध्ये नेटवर्क स्ट्रीम म्हणून उघडून बघा. तिथं चित्र आलं म्हणजे पत्ता आणि पासवर्ड बरोबर आहेत. राउटरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा आयपी कायमचा बांधून ठेवा, नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ते बदलतात.

डेस्कटॉपचा एक खर्च लक्षात ठेवा. ३० वॉटचं यंत्र रात्रंदिवस चाललं तर महिन्याला जवळजवळ २२ युनिट. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत प्रत्येक घराच्या मोफत युनिटांची मर्यादा आधीच्या वापरावरून ठरलेली आहे. तुमचा वापर काठावर असेल तर बिल काढून बघा. एनव्हीआर त्याच्या निम्म्यापर्यंतच खातो.

आता हा डबा ठेवायचा कुठं? बहुतेक घरांत तो सोप्यात टीव्हीच्या खाली असतो, आत शिरणाऱ्याच्या पहिल्या नजरेत. तो उचलला की सगळे पुरावे त्याच्याबरोबर गेले. माजघराच्या आतल्या खोलीत, कुलूप लागणाऱ्या, मागं हवेला भोकं पाडलेल्या कपाटात ठेवा. माळा नको, कौलांखाली मार्च-एप्रिलमध्ये डिस्क तापते. शिवाय फाटकाच्या कॅमेऱ्यात एक मेमरी कार्ड टाकून ठेवा, हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं. डबा गेला तरी शेवटचे काही दिवस त्या कार्डावर राहतात.

बाहेरच्यांना दार बंद

२०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते फक्त कंपनीनं दिलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. तेव्हा पहिलं काम पासवर्ड, प्रत्येक कॅमेऱ्याचासुद्धा. फोन नंबर किंवा मुलाचं नाव नको. राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे यंत्रांना आपोआप बाहेरची वाट उघडून देणारी सोय, बंद करा. कॅमेऱ्यातली पी२पी किंवा क्लाउडची सोय वापरत नसाल तर तीही बंद. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे राउटरमधून स्वतः तशी वाट उघडणं, करू नका. बऱ्याच घरगुती कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, त्यामुळं ते चालतही नाही. बाहेरून बघायला फोनवर आणि घरातल्या कॉम्प्युटरवर टेलस्केल हे अॅप टाका. ते वायरगार्ड या सुरक्षित जोडणीवर चालतं, घरगुती वापराला फुकट आहे आणि तुमच्या फोनशिवाय कोणाला आत येता येत नाही. राउटरमध्ये सोय असेल तर कॅमेऱ्यांना इंटरनेटच तोडून टाका. त्यांना घरातल्या डब्याशी बोलता आलं की झालं. खरेदी करताना खोक्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघा. २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या सरकारी चाचण्या सक्तीच्या आहेत.

शेजार आणि घरातली माणसं

निपाणीला अक्काच्या घरी काम करत होतो. मागच्या भिंतीवर खूण करायला लागलो तशी अक्का म्हणाली, "अरे, तिकडं आम्ही बायका भांडी घासतो, न्हाणीतून येतो-जातो. ते सगळं तुझ्या भावजींच्या मोबाइलवर दिसणार होय?" तिचं बरोबर होतं. परड्यात दिवसभर वावर बायकांचाच असतो, आणि कॅमेरा कुठं लावायचा हे मात्र पुरुषच ठरवतात. आम्ही तो कॅमेरा उलटा फिरवून फक्त कुंपणाच्या फाटकाकडं लावला आणि न्हाणीच्या दाराचा कोपरा प्रायव्हसी मास्कनं काळा केला. ही सोय जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात असते, सेटिंगमध्ये चौकोन ओढला की तो भाग रेकॉर्डच होत नाही.

शेजाऱ्याच्या खिडकीचं, अंगणाचंही तेच करा. बाईचं खासगी चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी भाऊबंदकीत हद्दीवरून आधीच काय कमी असतं? कॅमेरा लावण्याआधी काकांना बोलावून स्क्रीनवर दाखवा: "काका, बघा, तुमचा दरवाजा यात येत नाही." पाच मिनिटांचं काम आहे. फाटकावर 'इथे कॅमेरा चालू आहे' अशी पाटी मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लावा, येणाऱ्याला वाचता यावी.

खर्च आणि देखभाल

भाव वरखाली होतात, पण अंदाज देतो. पीओईचे ४ मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे सहा हजार, स्विच दोन हजार, एनव्हीआर चार हजार, डिस्क पाच-सहा हजार, वायर, पाइप आणि किरकोळ तीन-चार हजार. बावीस हजारांच्या आत दोन जागा पक्क्या होतात. हे जास्त वाटलं तर डिस्क १ टीबी घ्या आणि सुरुवात एका कॅमेऱ्यानं करा, पण वायर चार जागांची आत्ताच ओढून ठेवा. पुढं सुगीला पैसे आले की कॅमेरा नुसता टोकाला लावायचा.

घरात पडलेला जुना अँड्रॉइड फोनही कामाला येतो. त्यावर आयपी वेबकॅम हे अॅप टाकलं की तो सोप्यातला कॅमेरा होतो. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना, ते बघा आणि कायम चार्जिंगला लावलेला फोन अंथरुणाजवळ, लाकडी कपाटात ठेवू नका.

देखभालीत मोठा शत्रू कोळी. इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि लेन्सच्या पुढ्यातच जाळं विणतो. रात्री ते जाळं पांढरं चमकतं आणि मागचं काही दिसत नाही. दर आठवड्याला लांब दांड्याच्या केरसुणीनं झाडा. पावसाचे थेंब आणि धुकंही तसंच चमकतं. त्यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्यातले दिवे बंद करून, चार-पाच हात बाजूला एक साधा एलईडी बल्ब लावायचा. उजेड बाजूनं पडला की थेंब चमकत नाहीत आणि चित्र रंगीत मिळतं.

सगळं बसल्यावर रात्री घरच्या कोणाला तरी खोळ घालून फाटकातून चालायला सांगा आणि लगेच रेकॉर्डिंग उघडून बघा. नुसतं लाइव्ह नव्हे, रेकॉर्डिंग. पडद्यावरची तारीख आणि वेळ मोबाइलशी ताडून पाहा. एनव्हीआर इंटरनेटवरून वेळ घेतो, त्यासाठी एनटीपी चालू आणि टाइम झोन ५:३० ठेवा. वेळ वीस मिनिटं चुकलेली असेल तर पुढं त्या पुराव्यावर प्रश्न उभे राहतात.

आणि खरंच काही घडलं तर त्याच दिवशी क्लिप काढून घ्या, कारण डिस्क भरली की जुनं पुसत जाते. मोबाइलनं स्क्रीनचा व्हिडिओ काढून पाठवू नका. एनव्हीआरमधूनच मूळ फाइल दोन पेन ड्राइव्हवर उतरवा, घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास धरून. एक पोलिसांना द्या, एक कपाटात ठेवा. कापू नका, व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली प्रत पुरावा म्हणून देऊ नका, तिचा दर्जा उतरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा फाइलसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश (फाइलमधून निघणारा ठशासारखा आकडा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो) लिहावा लागतो, म्हणून मूळ फाइलला हात न लावणं महत्त्वाचं. तक्रारीत कॅमेऱ्याची जागा, एनव्हीआरचं मॉडेल आणि क्लिपची सुरुवातीची-शेवटची वेळ लिहून द्या. हे सगळं एका कागदावर आत्ताच लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, म्हणजे तुम्ही कामावर असलात तरी घरात जो असेल त्याला क्लिप काढता येईल.